धुराडं साफ करण्याचा दिवस
आज लाकडाच्या स्टोव्हचं धुराडं साफ केलं. धूर थंड होतो त्या वरच्या टोकालाच काजळी सगळ्यात जाड होती. धुरातून साचणारा हा जळाऊ थर, म्हणजे क्रिओसोट, पेटला की धुराड्यातच आग लागते, म्हणून थर ३ मिमी होण्याआधीच ब्रश फिरवायला हवा. भुसभुशीत थर लगेच सुटतो. डांबरासारखा चकचकीत झाला तर ब्रशला दाद देत नाही, तिथे जाणकारच बोलवा. मूळ दुखणं बहुतेकदा ओलं लाकूड आणि हवा कोंडून रात्रभर धुमसत ठेवलेली आग. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खालीच हवा.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर ठेवा. आतले निखारे दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतात. स्टोव्हच्या दारात कागद अडकवून ओढून बघा, सहज निसटला तर कडेची सीलची दोरी बदला. आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म कृपा करून लावाच.