सरासरी सांगितलीत, आता पसाराही सांगा

सात जणांना रांगेत थांबावं लागलेला वेळ मिनिटांत असा आहे: १२, १४, १५, १५, १६, १८, ५०. बेरीज १४०, भागिले ७, म्हणजे सरासरी २० मिनिटं. गणित बिनचूक आहे, पण सातपैकी सहा जण वीस मिनिटांच्या आतच मोकळे झाले होते. एकट्या ५० ने सरासरी वर ओढली.

इथे मध्यक कामाला येतो. आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि बरोबर मधला घ्यायचा. सातांमधला चौथा, म्हणजे १५. आकड्यांची संख्या सम असेल तर मधल्या दोघांची सरासरी. क्रम न लावताच मधला आकडा उचलणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. ५० च्या जागी ५०० लिहून बघा: सरासरी ८४ च्या वर जाते, मध्यक १५ वरून हलत नाही. म्हणून सरासरी वाईट, असं मात्र नाही. एकूण किती वेळ गेला हे हवं असेल तर सरासरीच लागते, कारण २० गुणिले ७ केलं की १४० परत मिळतात. मध्यकावरून ते मिळत नाहीत. बहुलक, म्हणजे सर्वात जास्त वेळा आलेला आकडा, इथे १५ च आहे. चपलांच्या मापांसारख्या ठिकाणी तोच खरा उपयोगी.

आता पसारा. सर्वात मोठ्यातून सर्वात लहान वजा केला की विस्तार मिळतो: ३८. पण तो फक्त दोन टोकं पाहतो, मधल्या पाचांबद्दल काहीच बोलत नाही.

प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर आहेत याचं माप, सगळ्यांना मोजतं. प्रत्येक आकड्यातून सरासरी वजा करा: −८, −६, −५, −५, −४, −२, ३०. यांची बेरीज शून्यच यायला हवी. नाही आली तर पुढे जाऊ नका, चूक इथेच आहे. बेरीज शून्य येते म्हणूनच वर्ग करावे लागतात: ६४, ३६, २५, २५, १६, ४, ९००. बेरीज १०७०, आणि त्यातले ९०० एकट्या ५० मुळे!

भागायचं कितीने? हे सातच जण तुमचा विषय असतील तर ७ ने. ते मोठ्या गटातला नमुना असतील तर ६ ने, कारण फरक नमुन्याच्याच सरासरीपासून मोजलेत आणि त्यामुळे वर्गांची बेरीज थोडी कमी भरते. ६ ने भागून वर्गमूळ काढलं की सुमारे १३.४ मिनिटं. वर्गमूळ विसरलात तर उत्तर 'चौरस मिनिटांत' राहतं, त्याला अर्थ नाही. एक्सेलमध्ये सगळा गट असेल तर एसटीडीईव्ही.पी, नमुना असेल तर एसटीडीईव्ही.एस. ५० वगळून पुन्हा केलं (आता सहाच आकडे, म्हणून ५ ने भागून) तर सरासरी १५ आणि प्रमाण विचलन नेमकं २ येतं.

'सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन प्रमाण विचलनांच्या आत सुमारे ९५ टक्के आकडे' हा नियम घंटेच्या आकाराच्या वितरणापुरता आहे, म्हणजे बहुतेक आकडे मधे आणि दोन्ही टोकांना सारखेच कमी असतील तेव्हा. इथे २० मधून दोनदा १३.४ वजा केले तर उणे ६.८ मिनिटं येतात. उणे वेळ कोणी थांबत नाही, तेव्हा वितरण एका बाजूला कललंय हे ओळखावं. अशा वेळी चतुर्थक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार भाग पाडणारे आकडे, बरे: मध्यकाच्या खालच्या तिघांतला मधला १४, वरच्या तिघांतला १८, फरक ४. सॉफ्टवेअर १४.५ आणि १७ दाखवेल तर घाबरू नका; चतुर्थक काढण्याच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत, कोणती वापरली ते नोंदवा.

आणि तो ५०? नोंद चुकली असेल तर दुरुस्त करा. खरा असेल तर ठेवा आणि वेगळा सांगा: 'मध्यक १५, चतुर्थक १४ आणि १८, एकाला ५० मिनिटं लागली.' नुसत्या 'सरासरी २०' पेक्षा हे वाक्य कितीतरी प्रामाणिक आहे.