ठोसा आधी, आवाज नंतर

यंदाच्या सीझनला आमच्या कंपनीने हेरगिरीचं विनोदी नाटक काढलं. तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे विडीची पानं जमा करतात त्या जागी, पुडे मोजणाऱ्या मुन्शीला सगळे चुकून गुप्तहेर समजतात आणि कराटेवाले गुंड त्याच्या मागे लागतात. मारामारी बसवायचं काम माझं. ब्रह्मपुरीकडच्या एका गावात शंकरपटानिमित्त, म्हणजे बैलांच्या शर्यतीनिमित्त, प्रयोग होता. त्या रात्री दुसऱ्या अंकात जे झालं, त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

कराटे येणाऱ्याची मारामारी बसवणं सोपं. ज्याला काहीच येत नाही, तो जिंकताना दाखवायचा हे अवघड. तो नीट लढला की हसू मेलं, नुसता पडत राहिला की तो विदूषक झाला. त्याचे डाव त्याच्या रोजच्या कामातूनच यायला हवेत. सत्तर पानांचा एक पुडा. मुन्शी पुडा उचलतो, अंगठ्याने पानं चाळतो, कमी वाटला तर बाजूला टाकतो. म्हणून आमचा मुन्शी गुंडाचा पंजा पकडून बोटं अंगठ्याने चाळतो आणि पाच भरली की त्याला बाजूला टाकतो. उन्हात वाळत घातलेले पुडे पलटवताना मनगट जसं फिरतं, तसंच फिरवून तो दुसऱ्याला पाडतो. समोर बसलेल्या निम्म्या बाया दर उन्हाळ्यात तेंदूला जातात. हात खोटा फिरला तर त्यांना लगेच कळतं. त्यांच्याइतका कडक परीक्षक मला शहरात भेटलेला नाही.

हाँगकाँगच्या सिनेमाने ही तऱ्हा जगभर नेली. खुर्ची, शिडी, अंगातला कोट, हाताला लागेल ते हत्यार. १९५४ साली जन्मलेला जॅकी चॅन तिथल्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत लहानपणीच कोलांट्या शिकला, म्हणजे तोही मूळचा रंगमंचाचाच. पण सिनेमात एकच ठोसा दोन बाजूंनी दोनदा दाखवता येतो, आवाज मागून भरता येतो. आमच्याकडे एकदाच, आणि तेही समोरासमोर.

आमचा ठोसा हनुवटीच्या एक वीत अलीकडे थांबतो. मार खाणाऱ्याची पाठ प्रेक्षकांकडे असते, त्यामुळे मधली फट दिसत नाही. आधी नजरानजर, मग श्वास, मग हात. मान झटकायची वेळ मार खाणारा ठरवतो, मारणारा नव्हे. हे उलटं झालं की दात पडतात. पडताना पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ या क्रमाने टेकायचं आणि हनुवटी छातीला लावायची. मुन्शीचा कोट एक माप मोठा शिवतो, काखेत चौकोनी जोड देतो, पँटच्या आसनाला पाचर घालतो. नाहीतर पहिल्याच लाथेला शिवण उसवते. तक्त्यांवर तनशीने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, भरलेली पोती, वर सतरंजी. तनस त्याच दुपारी भरायची आणि अंक सुरू होईपर्यंत ताडपत्रीखाली ठेवायची. पौषातलं दव लागलं की ती दबून बसते आणि मध्यरात्रीनंतर सतरंजी निसरडी होते. लावणीवर खर्च करताना कुणी हात आखडत नाही, पण दोन बऱ्या गाद्या मागितल्या की पुढच्या वर्षी बघू म्हणतात. पाठी मात्र याच वर्षी मोडतात.

ठोशाचा आवाज ऑक्टोपॅडवाला देतो, म्हणजे काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर बसलेला वादक. तो मारणाऱ्याचा खांदा बघून वाजवतो, मूठ बघून वाजवलं तर उशीर होतो. आवाजाला शंभर फूट जायला सेकंदाचा साधारण अकरावा भाग लागतो, म्हणून मागच्या रांगांसाठी स्पीकरचा एक बॉक्स मंडपाच्या मध्यावर लागतो. तो लावा म्हणून प्रत्येक गावात भांडावं लागतं.

त्या रात्री ऐन मारामारीत ऑक्टोपॅड बंद पडला. दिवे आणि माईक चालू होते. मुन्शीने ठोसा मारला, गुंडाची मान फिरली, तो कोसळला, आवाज शून्य. मुन्शी थिजून स्वतःच्या मुठीकडे बघत राहिला. पुढून कुणीतरी ओरडलं, “लागला का नाही गा?” तो म्हणाला, “थांबा जी, मोजून पायतो!” तेवढ्यात तबलजीला सुचलं आणि त्याने डग्ग्यावर जोरात थाप दिली. मुन्शी दचकून मागे उडाला. मंडप असा हसला की पुढची दोन वाक्यं वाहून गेली. तिथून अंक संपेपर्यंत तबलजी असाच उशिरा वाजवत राहिला आणि दर वेळी हशा वाढत गेला.

साध्या माणसाचं गुप्तहेर होणं म्हणजे हेच, असं मला तेव्हापासून वाटतं. अंगाकडून काम आधी होऊन जातं, त्याला स्वतःला ते मागून कळतं. इतके दिवस आम्ही आवाज आणि ठोसा जुळवण्यात जीव काढला, आणि खरी गंमत त्या दोघांमधल्या फटीत होती.

पण पुढच्या गावात तोच उशीर ठरवून ठेवला, तर हशा निम्माही आला नाही. नटाला आवाज कधी येणार ते माहीत होतं, त्यामुळे दचकणं उसनं झालं. आता अंगाची मोजणी पक्की ठेवली आहे, कारण तिच्यात ढिलाई म्हणजे इजा. आवाज तेवढा मोकळा सोडला आहे, तबलजीला वाटेल तेव्हा. यावर गुंड करणाऱ्या पोराचं म्हणणं आहे की आवाजाआधी पडलं की त्याचं पडणं खोटं दिसतं. त्याचंही बरोबर आहे. आवाज येईपर्यंत त्याला मान फिरवलेल्या अवस्थेत उभा ठेवून पाहिलं, तर सगळा भार एका पायावर येतो आणि ओल्या सतरंजीवर तो पाय सरकतो. त्या पायाखाली सुतळीचं पोतं उलटं शिवून बघायचं आहे.