आईचा फॉर्म आणि सातारचे कंदी पेढे

आई पहिल्यांदा मेलबर्नला येणार होती तेव्हा व्हिसा, इन्शुरन्स, व्हीलचेअर (आमच्याकडच्या आया चालता येत असलं तरी व्हीलचेअर घेतात, म्हणजे कोणीतरी पार बाहेरपर्यंत आणून सोडतं) हे सगळं दोन फोनमध्ये मार्गी लागलं. अडलं ते विमानात देतात त्या कार्डावर. त्यात विचारतात, खायचं काही आणलंय का, दूध-मांस-अंडी, बिया, झाडपाला, लाकडी वस्तू, आणि मागच्या 30 दिवसांत शेतावर किंवा गुराढोरांच्यात गेला होतात का. मी म्हणलं, आई, सगळ्याला हो.

तर ती म्हणे, "अगं हो लिहिलं की अडकलोच ना!"

तिचंही बरोबर आहे म्हणा. जन्मभर तिने जे फॉर्म भरले त्यात नाही हेच बरोबर उत्तर होतं. थकबाकी आहे का, नाही. आजार आहे का, नाही. इथे नेमकं उलटं आहे, हो लिहून सामान दाखवलं तर फार तर ती वस्तू काढून घेतात, दंड नाही, आणि नाही लिहून बॅगेत सापडलं तर मग खिसा रिकामा. 2022 मध्ये बालीहून डार्विनला आलेल्या एका माणसाच्या बॅगेत न सांगितलेले दोन नाश्त्याचे मफिन आणि एक हॅमचं क्रोसाँ कुत्र्याने हुंगून काढलं, दंड 2,664 डॉलर! रुपयांत लाखाच्या वर गेले, नाश्त्याचे.

हे सांगूनही आईला पटेना, तिला वाटलं मी उगाच घाबरवतेय. मग मी म्हणलं, आई, लाळ्या खुरकूत माहितीये ना? आता आमच्या गोठ्यात आयुष्य गेलेलं तिचं, तोंडात फोड आलेली, खुरातून लंगडणारी, चारा सोडलेली गाय तिने पाहिलीये, लस टोचायला डॉक्टर आले की दावं धरून हीच उभी राहायची. ऑस्ट्रेलियात हा रोग 1872 नंतर आलेलाच नाही. दुधातून, मांसातून, चपलेला लागलेल्या शेणामातीतून तो येऊ शकतो, म्हणून एवढं विचारतात. त्याच 2022 मध्ये इंडोनेशियात साथ आली तर इथे विमानतळावर औषध घातलेल्या मॅट टाकून लोकांना त्यावरून चालवत होते. फोनवर जरा वेळ शांतता, मग, "म्हणजे गुरांसाठी होय, मग आधी नाही का सांगायचं!" झालं, बाईंचा पक्षच बदलला.

पण पेढे आणलेच. सातारचे कंदी, अर्धा किलो, जावयासाठी. भारतातली दुधाची मिठाई चालत नाही हे मी तीनदा सांगितलं होतं.

मी बाहेर दीड तास उभी. आत काय झालं ते तिच्याच तोंडून ऐकलेलं. टेबलावर सगळं मांडलं, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, हळद, आमसुलं, एकेक पुडी उघडून पाहिली आणि परत दिली. कढीपत्ता गेला. तुळशीच्या बिया कागदात बांधून पर्समध्ये होत्या त्यापण गेल्या, आणि त्या तिने स्वतःहून काढून दिल्या बरं का. पेढ्यांकडे बोट करून तपासणाऱ्या मुलीने विचारलं, मिल्क? आई म्हणाली, येस, फुल मिल्क. गेले कचऱ्याच्या डब्यात.

मग शेताचा प्रश्न. हो, चार दिवसांपूर्वीच गोठ्यात होते. चपला मागितल्या, उलट्या केल्या, खाचेत वाळकी माती होतीच, तर त्या पोरीने आत नेऊन घासून पुसून आणून दिल्या. आई व्हीलचेअरवर अनवाणी बसलेली. मला तर ऐकूनच ओशाळल्यासारखं झालं, पण ही बाहेर आली ती हसत, चपला वर धरून दाखवत, "बघ, सुनेनेसुद्धा कधी धुतल्या नाहीत!"

जावयाला पेढ्यांचं अजून सांगितलेलं नाहीये.