थंडरबर्ड नोंदी: सेंड दाबल्यावर गोठणारी खिडकी

थंडरबर्ड या मेल वाचण्या-लिहिण्याच्या प्रोग्राममधला, तीन आठवडे छळणारा दोष परवा रात्री सापडला. मेल लिहून सेंड दाबलं की कधी कधी लिहिण्याची खिडकी जागच्या जागी गोठायची. बटणं फिकी पडायची, मेल जायचा नाही, एररही दिसायची नाही. शेवटी थंडरबर्ड बंद करून पुन्हा उघडावं लागायचं. बहुतेक मेल मात्र सुरळीत जायचे, आणि खरी पंचाईत तीच होती. माझ्याकडे १४ अ‍ॅड-ऑन आहेत. मूळ प्रोग्रामला वरून जोडलेली ही छोटी साधनं सगळी रोजच्या वापरातली आहेत, त्यामुळे सरसकट काढून टाकायची माझी तयारी नव्हती.

पहिली संध्याकाळ ट्रबलशूट मोडमध्ये गेली. हेल्प मेनूतून तो सुरू केला, बरेच मेल पाठवले, एकदाही खिडकी गोठली नाही. इथे घाई करू नका. हा मोड अ‍ॅड-ऑन बंद करतो, पण त्याच्यासोबत हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन (ग्राफिक्स चिपकडून खिडक्या रंगवून घेणं) आणि यूजरक्रोम.सीएसएस या दिसणं बदलणाऱ्या फाइलमधले बदलही बाजूला ठेवतो. म्हणून नेहमीच्या मोडमध्ये परत येऊन आधी अ‍ॅक्सेलरेशन बंद केलं, मग माझी सीएसएस फाइल हलवली. दोन्ही वेळा खिडकी गोठलीच. आता संशय अ‍ॅड-ऑनवर ठेवायला हरकत नव्हती.

पुढचं सगळं काम प्रोफाइलच्या, म्हणजे खाती, मेल आणि सेटिंग्ज ठेवणाऱ्या फोल्डरच्या, प्रतीवर केलं. थंडरबर्ड पूर्ण बंद करून प्रोफाइल फोल्डर कॉपी केला आणि प्रोफाइल मॅनेजरमधून प्रत उघडली. माझी खाती आयमॅपची आहेत, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात. तुमचं खातं पॉपचं, म्हणजे मेल संगणकावर उतरवून घेणारं, असेल तर प्रतीत आपोआप मेल आणणं आधी बंद करा, नाहीतर नवे मेल चाचणीच्या प्रोफाइलमध्ये उतरतील आणि सेटिंगप्रमाणे सर्व्हरवरून पुसलेही जातील. चाचणी करताना अ‍ॅड-ऑन रिमूव्ह करू नका, फक्त डिसेबल करा. रिमूव्ह केल्यावर त्याने साठवलेली सेटिंग्जही जातात.

दोष प्रोग्रामच्या आत हात घालणाऱ्या अ‍ॅड-ऑनचा असेल, हा माझा पहिला अंदाज चुकला. २०२० च्या ७८ आवृत्तीपासून थंडरबर्डमध्ये जुन्या पद्धतीची अ‍ॅड-ऑन चालत नाहीत, ठरवून दिलेल्या एपीआयमधूनच, म्हणजे प्रोग्रामने देऊ केलेल्या ठरावीक आज्ञांमधूनच, काम करावं लागतं. तरीही ‘एक्सपेरिमेंट’ म्हणून एक वाट उघडी आहे. तिथून अ‍ॅड-ऑन प्रोग्रामच्या आतल्या भागांना थेट हात लावू शकतं. परवानग्यांच्या यादीत पूर्ण, अनिर्बंध प्रवेश असा उल्लेख दिसला की समजायचं. २०२३ मध्ये ११५ आवृत्तीत मुख्य खिडकीची आतली मांडणी बदलली, तेव्हा अशी कितीतरी अ‍ॅड-ऑन मोडली होती. माझ्याकडे या जातीची तीन आहेत. तिन्ही बंद करून पाहिली, काही फरक पडला नाही. कंट्रोल-शिफ्ट-जे दाबून चुका नोंदवणारा एरर कन्सोल उघडला, तर तोही गप्प.

मग ठरवलं की दोष हुकमी घडवता आल्याशिवाय पुढे जायचं नाही. कुठले मेल अडकले होते ते आठवून एकेक पत्ता ताडून पाहिला. अडकलेल्या प्रत्येक मेलमध्ये वेगवेगळ्या डोमेनचे (@ नंतरचा भाग वेगळा असलेले) पत्ते एकत्र होते. माझ्याच दोन खात्यांना एकत्र मेल लिहिला, सेंड दाबलं, गोठला. पुन्हा केलं, पुन्हा गोठला. या दोन मिनिटांनी सगळ्या तपासाला पाय दिले.

आता अर्धी-अर्धी विभागणी. पहिली सात चालू, मेल गेला. दुसरी सात चालू, तरी गेला. चौदाही चालू केली की गोठला! निम्मं-निम्मं करत जाण्याच्या पद्धतीत एकच दोषी आहे हे गृहीत धरलेलं असतं. दोन्ही निम्मे भाग निर्दोष निघाले तर उलट बाजूने जायचं: सगळी चालू ठेवायची आणि एका वेळी फक्त एक बंद करायचं. चौथं बंद केल्यावर मेल गेला. ते परत चालू करून यादी पुढे नेली, तर अकरावं बंद केल्यावरही गेला. बाकी बाराही बंद करून फक्त ही दोन चालू ठेवली आणि मेल गोठला. जोडी सापडली.

पहिलं अ‍ॅड-ऑन वेगवेगळ्या डोमेनच्या पत्त्यांवर मेल निघाला की छोटी खिडकी उघडून ‘नक्की पाठवायचा?’ असं विचारतं. ते ‘ऑन-बिफोर-सेंड’ या इव्हेंटवर, म्हणजे मेल जाण्याआधी थंडरबर्ड देतो त्या इशाऱ्यावर, कान लावून असतं आणि उत्तर येईपर्यंत थंडरबर्ड लिहिण्याची खिडकी कुलूपबंद ठेवतो. दुसरं अ‍ॅड-ऑन खिडक्या मिनिमाइझ करणारं. डीबग अ‍ॅड-ऑन्समधून पहिल्याचं इन्स्पेक्ट उघडलं, कन्सोलमध्ये ‘मेसेंजर.विंडोज.गेट-ऑल’ ही उघड्या खिडक्यांची यादी देणारी आज्ञा चालवली आणि यादीत ती विचारणारी खिडकी दिसली: टाइप ‘पॉपअप’, स्टेट ‘मिनिमाइझ्ड’. टास्कबारवर थंडरबर्डच्या सगळ्या खिडक्या एकाच आयकॉनखाली जातात, म्हणून माझी नजर तिच्यावर पडलीच नव्हती. ती वर आणली, ‘हो’ दाबलं आणि अडकलेला मेल डोळ्यांदेखत गेला. कन्सोल का गप्प होता तेही कळलं. कुठलाही कोड फसला नव्हता, एक अ‍ॅड-ऑन नुसतं उत्तराची वाट पाहत होतं.

अ‍ॅड-ऑन ज्या एक्सपीआय फाइलमधून येतं ती म्हणजे झिपच असते. दुसऱ्या अ‍ॅड-ऑनची उलगडली तर बॅकग्राउंड स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मागे चालणाऱ्या कोडमध्ये, अट होती की मेल लिहिण्याची खिडकी सोडून नवी उघडणारी प्रत्येक खिडकी मिनिमाइझ करायची. अ‍ॅड-ऑन मॅनेजरच्या दातेरी चाकाच्या मेनूत अलीकडचे अपडेट दिसतात. तिथे पाहिलं तर हे अपडेट बरोबर तीन आठवड्यांपूर्वीचं. ती यादी मी पहिल्याच संध्याकाळी बघायला हवी होती.

मी अट बदलून फक्त ‘नॉर्मल’ टाइपच्या खिडक्यांपुरती ठेवली. आधी टेम्पररी अ‍ॅड-ऑन म्हणून लोड करून पाहिलं. ते रीस्टार्टपर्यंतच टिकतं, म्हणून नंतर पुन्हा झिप करून बसवलं. झिप करताना मॅनिफेस्ट (अ‍ॅड-ऑनची ओळख सांगणारी) फाइल सर्वात वरच्या पातळीवर हवी. बाहेरून फोल्डर गुंडाळला गेला तर फाइल खराब असल्याचं सांगून थंडरबर्ड ती नाकारतो. या अ‍ॅड-ऑनचं आपोआप अपडेटही बंद केलंय, नाहीतर माझी दुरुस्ती पुसली जाईल.

दोन्ही डेव्हलपरना नेमक्या पायऱ्या लिहून पाठवल्या आहेत. पहिल्याला एक विनंती जास्त केली आहे: विचारणारी खिडकी मिनिमाइझ झाली तर ती पुन्हा वर आणावी. कालपासून खऱ्या प्रोफाइलवर चौदाही चालू आहेत आणि दोन डोमेनचे मेल न अडकता जात आहेत. थंडरबर्ड उघडल्यावर मेलची यादी काही सेकंद कोरी राहते ती तक्रार अजून तशीच आहे, आज रात्री ती घेतो.