वल्हं हातात, जोर पायांत

आज पहिल्यांदा तळ्यावर रोइंगची बोट वल्हवली. हात भरून येतील असं वाटलं होतं, पण आत्ता जिना उतरताना मांड्या बोंबलताहेत! बसायची जागा चाकांवर मागेपुढे सरकते आणि खरा जोर लागतो पायांचा. ही सरकती बैठक रुळली १८७०च्या दशकात. त्याआधी काही वल्हेकरी म्हणे चामड्याच्या तुमानीला चरबी फासून फळीवर घसरायचे. कल्पना करा!

शिकवणारे सर सांगत होते, "वल्हं फार खोल घालू नका." घातलंच. वल्ह्याच्या मुठीनं पोटात असा दणका दिला की बास.

घरी येऊन वाचत बसलो. अमेरिकेत दोन कॉलेजांमधली पहिली क्रीडास्पर्धा बोटींचीच होती: १८५२, न्यू हॅम्पशायरमधलं विनिपेसॉकी सरोवर, हार्वर्ड विरुद्ध येल. खर्च कुणी उचलला? रेल्वे कंपनीनं! सरोवराकाठी पर्यटक यावेत, गाड्या भरून धावाव्यात म्हणून. जिंकलं हार्वर्ड. आणि आपण समजतो, खेळात प्रायोजक आत्ता आत्ता घुसले.

उद्या सकाळी सहाला परत जायचंय. मांड्यांना अजून सांगितलेलं नाही.