नावाला टीव्हीचा मनोरा

आण्णा तीन आठवड्यांसाठी जर्मनीत श्टुटगार्टला आले, तेव्हा बॅगेत भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि आकाशवाणी सांगली ऐकून ऐकून आवाज घोगरा झालेला ट्रान्झिस्टर होता. दुसऱ्याच दिवशी त्यांना होहर बोप्सर टेकडीवरच्या फेर्नझेटुर्मला, म्हणजे टीव्हीच्या मनोऱ्याला, घेऊन गेलो.

आयुष्यभर स्लॅबची ठेकेदारी केलेला माणूस. मान वर करून पहिला प्रश्न, "एवढ्या उंच सेंट्रिंग कसं लावलं असंल रं?"

मनोरा 1956 चा, आता उंची 216.6 मीटर. आधी इथे तारांनी ताणलेला लोखंडी खांबच उभा राहायचा होता. फ्रिट्झ लिओनहार्ट या इंजिनिअरनं सुचवलं, काँक्रीटचाच उभारू आणि वर माणसांनाही नेऊ. खर्च आला 42 लाख मार्क (तेव्हाचं जर्मन चलन), आणि तो पाच वर्षांत तिकिटांतून वसूल झाला! हे ऐकल्यावर आण्णांचा त्या माणसाबद्दलचा आदर एकदम वाढला. मग जगभर असे मनोरे निघाले.

"पण एवढी उंची कशाला? आपल्याकडं सांगलीचं स्टेशन लागतंयच की."

आण्णांचं स्टेशन मीडियम वेव्हचं. त्या लहरी जमिनीला धरून लांब जातात आणि तिथे उभा खांबच अँटेना असतो. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची, जवळपास सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की अडते. श्टुटगार्ट तर वाडग्यात वसलंय. म्हणून काँक्रीटचं काम फक्त अँटेना उचलून धरायचं. शिवाय दुसऱ्या महायुद्धानंतर मीडियम वेव्हच्या वाटपात जर्मनीच्या हाती फार थोडं लागलं, त्यामुळे एफएम इथे लवकर रुजलं.

गंमत म्हणजे टीव्ही इथून कधीच हलला, शेजारच्या दुसऱ्या मनोऱ्यावर गेला. आता इथून फक्त रेडिओ. 2013 मध्ये आगीच्या वेळी सुटकेची वाट अपुरी म्हणून मनोरा लोकांना बंद झाला, तो 2016 च्या जानेवारीत उघडला. बारीक खोडाची ती किंमत. आण्णा म्हणाले, "जिन्याला जागा सोडायला पायजे होती." बरोबरच आहे.

खाली बाकावर बसून त्यांनी ट्रान्झिस्टर काढला, एफएमवर टाकला. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. इतक्या जवळून येणाऱ्या जोरदार लहरींनी बिचारा सेट पार गुदमरला होता. दर दोन बोटांवर तोच जर्मन निवेदक.

"ह्यो माणूस जाईना की रं," म्हणत आण्णांनी सेल काढून खिशात टाकले.