तिसरा हात

व्हार्निशच्या डब्यावर लिहिलंय, सहा तासांत सुकतं. हे सहा तास कुठल्या गावचे ते लिहिलेलं नाही. जैसलमेरचे असावेत. आमच्याकडे श्रावणात परवा सकाळी मारलेला हात काल दुपारीसुद्धा बोटाला चिकटत होता. आता बोट लावलंच कशाला म्हणाल, तर तोच तर प्रॉब्लेम आहे, मला राहवत नाही.

वस्तू टीचभर. कुंकवाचा लाकडी करंडा, मावशीच्या पंचाहत्तरीला द्यायचा. लाल अ‍ॅक्रिलिक आणि त्यावर पांढरी वेल. आधी शहाणपणा करून चपडा लाख आणली, स्पिरीटमध्ये भिजवली, आणि पहिला ब्रश फिरवला तर खालचा लाल सुटून वेल गुलाबी. स्पिरीटनं अ‍ॅक्रिलिक विरघळतं हे ज्ञान मला असं मिळालं. परत घासा, परत रंगवा, मग हार्डवेअरवाल्याकडनं हा डबा. "डबा हलवू नका मॅडम, काडीनं ढवळा, नाहीतर बुडबुडे येतात." मी हलवत हलवतच घरी आणला होता.

एक हात पातळ मारायचा, सुकला की चारशे नंबरचा पॉलिश पेपर ओला करून अगदी हलका फिरवायचा, पांढरी पूड पुसून घ्यायची, परत हात. पेपर मारला की सगळी चकाकी जाते आणि करंडा तापातून उठल्यासारखा दिसतो, दर वेळी वाटतं वाट लावली आपण. मग पुढचा हात बसतो आणि लाल रंग आतून वर येतो. त्या दोन मिनिटांसाठी बाकी सगळी हमाली.

ही चकाकी डोक्यात बसली ती सावंतवाडीला. आजोळ तिथलं. मे महिन्यात आजोबा चितारआळीत घेऊन जायचे, दुकानांत लाकडी फळं, आंबा, केळं, सीताफळ, लाल मिरचीसुद्धा. रंगाचा आणि पॉलिशचा वास उन्हात नाकात बसायचा, मला तो खाऊचाच वास वाटायचा. लाकूड पांगाऱ्याचं, हातात घेतलं की वजनच नाही, म्हणून आंबा खोटा आहे हे हाताला लगेच कळायचं पण डोळ्यांना पटायचं नाही. पाच वर्षांची असताना मी तो चावले. आईकडे शोकेसमध्ये तो आंबा अजून आहे, देठापाशी दोन दातांच्या खुणा. पाहुणे आले की आई दाखवते. धाकटा भाऊ म्हणतो खुणा त्याच्या आहेत. पंचेचाळिशीला आलेला माणूस यावरून खरंच भांडतो.

तर आज दुपारी तिसरा हात, म्हणजे शेवटचा. पंखा बंद, खिडकी बंद, धूळ नको म्हणून फरशी पुसलेली, करंडा चार बाटल्यांच्या बुचांवर, वर पालथा टब. तासाभरानं टब उचलला (बोट लावायला नाही, फक्त बघायला, खरंच) तर झाकणावर वेलीच्या टोकाला एक चिलट. पाय रुतलेले, एक पंख अजून हलत होता. चिमट्यानं उचलावं तर ओरखडा पडणार. सुकू द्यावं तर ते आतच राहणार.

मी उभीच. लाख म्हणजे तरी काय, पळसाच्या, बोरीच्या, कुसुमाच्या फांद्यांवर किडे चिकटतात, अंगातनं राळ काढतात आणि त्यातच झाकून जातात, आपण ती फांदी खरवडतो. मी स्पिरीटमध्ये भिजवलं होतं ते तेच. तेव्हा काही वाटलं नव्हतं.

पंख हलायचा थांबला. मी टब परत पालथा घातला.

मावशीला चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणा.